वय ४३, हातात चौदा पगार आणि अजून अकरा वर्षांचं कर्ज. आधी काय करू?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४३. नोकरी करते, यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. नवरा सुतारकाम करतो, स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली दोघं जण. त्याची कमाई एखाद्या महिन्यात माझ्या तिप्पट, तर कधी सलग दोन महिने शून्य. मुलगी १४ वर्षांची. सासूबाई ७४ च्या, आमच्याजवळच असतात. घरावर कर्ज आहे: २० वर्षांचं, ९ टक्क्यांनी. ९ वर्षं फेडून झाली, ११ राहिली. हप्ता माझ्या पगारातून जातो, पगाराच्या साधारण ४५ टक्के.

वडील गेल्या वर्षी गेले. त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली रक्कम आता हातात आली. आकडा लिहीत नाही, पण माझे चौदा महिन्यांचे पगार होतील एवढी आहे. इतके पैसे मी एकदम कधीच पाहिले नव्हते. तीन महिने झाले, बचत खात्यात नुसते पडून आहेत. हात लावायला भीती वाटते. चुकलं तर बाबांचे पैसे चुकले असं होईल.

भाऊ म्हणतो, सगळे कर्जात भर आणि मोकळी हो. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, कर्ज राहू दे, फंडात टाक. नवऱ्याला नवीन करवत मशीन हवंय, जुनं कुरकुरतंय. सासूबाईंचं म्हणणं, मुलीच्या नावावर ठेवा आणि विसरून जा. चौघांचंही ऐकताना पटतं, हीच अडचण आहे.

माझा आधीचा इतिहास काही अभिमानास्पद नाही. २६ व्या वर्षी विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी घेतली. अजून हप्ते भरतेय, आणि विम्याची रक्कम माझ्या दीड वर्षाच्या पगाराएवढीही नाही. मग कधीतरी फंडात थोडे टाकले होते. २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा रात्री झोप लागेना, सगळे काढून घेतले. पुढे बाजार वर चढत गेला आणि मी काठावर बसून बघत राहिले.

विशीतल्यांना काय करायचं ते सगळे सांगतात. निवृत्तांनाही सांगतात. मधल्या वयातल्या माणसाने आधी काय करायचं?

अर्धविराम_२९

ताई, माझं मत सरळ आहे. कर्ज चालू राहू द्या, सगळी रक्कम कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले शेअर्स तसेच्या तसे घेणाऱ्या फंडात) टाका आणि अकरा वर्षं बघूच नका. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला तेव्हा लोक हसले होते. आज त्याच कल्पनेवर अर्धं जग चालतं (बरं, अर्धं नसेल, पण कळलं ना).

मात्र फंडाचा वार्षिक खर्च नक्की बघा. ३० वर्षांत ८ टक्क्यांनी १०० चे १००६ होतात. दरवर्षी एक टक्का कुणी काढून घेतला, म्हणजे हातात ७ टक्केच पडले, तर ७६१ होतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, शेवटी पाव हिस्सा खाऊन जातो.

२०२० मध्ये जे झालं ते झालं. या वेळी विकू नका एवढंच.

कोरी_वही

@अर्धविराम_२९ धन्यवाद. "या वेळी विकू नका" हे मी स्वतःला त्याही वेळी सांगितलं होतं हो. 🙂

जुनी_खतावणी

तुझ्याहून चोवीस वर्षांनी मोठी आहे, म्हणून 'अगं' म्हणते, राग मानू नकोस. कर्ज विभागात तेहतीस वर्षं टेबलापलीकडे बसले. लोक किती हुशारीने पैसे गुंतवतात आणि किती साध्या गोष्टीत बुडतात ते रोज बघत होते. त्यात मीही आलेच, ते पुढे सांगते.

पैसे कुठे ठेवायचे यावर तू चार जणांची मतं लिहिलीस. नवऱ्याचा हात करवतीत सापडला तर काय, यावर एक ओळ नाही. तू स्वतः उद्या सहा महिने अंथरुणाला खिळलीस तर हप्ता कोण भरणार, यावरही नाही.

साठीपर्यंत नोकरी धरली तर तुझे सतरा वर्षांचे पगार यायचे आहेत. म्हणजे दोनशे चार. चौदा पगार हातात आले म्हणून तीन महिने झोप उडालीय, आणि हे दोनशे चार उघड्यावर पडलेत. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी मालमत्ता हीच, घर नव्हे. तिच्यावर छप्पर घाल आधी. निव्वळ मुदतीचा विमा, बचत-बिचत काही न चिकटवलेला. किती? राहिलेलं कर्ज फिटेल आणि मुलगी पायावर उभी राहीपर्यंतचा खर्च निघेल, एवढा. नवऱ्याचाही. आणि त्याच्यासाठी अपघाताने येणाऱ्या अपंगत्वाचा विमा वेगळा बघ. सुताराच्या घरात मृत्यूपेक्षा बोटांची काळजी जास्त करावी. प्रस्ताव अर्जात त्याचा धंदा, मशीनवरचं काम, सगळं खरं लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवलंत तर दाव्याच्या वेळी नेमकं त्यावरच बोट ठेवून कागद परत करतील.

गंमत बघ. विशीत माझ्यावर कुणी अवलंबून नव्हतं तेव्हा मी विमा काढला, कारण ओळखीच्या बाईंना नाही म्हणता आलं नाही. चाळिशीत तीन माणसं माझ्यावर होती तेव्हा विमा तेवढाच राहिला. आता ६७ व्या वर्षी माझ्यावर कुणी अवलंबून नाही, तर महिन्याला एक तरी फोन येतो विमा घ्या म्हणून. आणि वाढदिवस उलटायची वाट बघू नकोस, वय वाढलं की हप्ता वाढतो. धूमकेतूवाले एडमंड हॅली होते ना, त्यांनीच १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयात किती माणसं दगावतात याचं कोष्टक मांडलं होतं. तिथून आजवर हिशोबाचा गाभा बदललेला नाही.

तुझी जुनी पॉलिसी मात्र रागाच्या भरात मोडू नकोस. आज सोडली तर किती मिळतील आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअंती किती, हे दोन आकडे लेखी मागव. नवा विमा हातात पडल्यावर ठरव, आधी नाही.

आता कर्ज. हे माझं आवडतं. माझ्या टेबलावर परतफेडीचा तक्ता असायचा, हिरव्या रेघांचा लांब कागद. कर्ज घेणारे सही करायचे आणि तो कागद घडी घालून पिशवीत टाकायचे. शंभरातल्या एकानेही दुसरी ओळ वाचली असेल असं वाटत नाही. तुझ्या कर्जाचा तक्ता मी आत्ता बसून काढला. ९ टक्के, २४० हप्ते. पहिल्या हप्त्यातल्या दर शंभरात ८३ व्याजाचे आणि १७ मुद्दलाचे होते. आज नऊ वर्षांनी तुला वाटत असेल जवळजवळ निम्मं फिटलं. नाही. मुद्दलातले ७५ टक्के अजून शिल्लक आहेत. निम्मं फिटायला चौदावं वर्ष संपावं लागतं. यात कुणी तुला फसवलेलं नाही, हप्ता सारखा ठेवला की गणित असंच चालतं.

तू म्हणतेस हप्ता पगाराच्या ४५ टक्के, त्यावरून मूळ कर्ज तुझ्या पन्नास पगारांचं असावं. त्यातले पाच पगार आज जादा भरलेस आणि हप्ता आहे तोच ठेवलास, तर १३२ हप्त्यांचे १०५ उरतात. सत्तावीस हप्ते गेले. ते मिळून बारा पगारांच्या वर होतात. ऐकायला जादू वाटते, पण जादू नाही. ते पाच पगार तू नऊ टक्क्यांच्या, अजिबात न हलणाऱ्या ठेवीत ठेवल्यासारखं आहे, इतकंच. कर्जाच्या व्याजावर तुला करात सूट मिळत असेल तर नऊचा आकडा तेवढा खाली धर. एवढा परतावा खात्रीने देणारी दुसरी जागा मिळाली तर तिकडे जा.

एक मात्र कर. जादा रक्कम भरताना "हप्ता कमी करू की मुदत कमी करू" असं विचारतील, किंवा न विचारता हप्ता कमी करतील. मुदत कमी, असं तोंडाने सांग आणि कागदावर बघ.

भावाचं ऐकून सगळेच्या सगळे भरू नकोस. कर्जात गेलेले पैसे परत मागता येत नाहीत. नवऱ्याचे दोन महिने कोरडे गेले की तीच संस्था तुला जास्त दराने दुसरं कर्ज द्यायला तयार असेल, हे मी तिथे बसूनच सांगत होते लोकांना.

माझं स्वतःचं सांगते. ३८ व्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जामीन राहिले. रोज कर्जाचे कागद तपासणारी बाई मी! त्याचे एकतीस हप्ते मी भरले. ते एकतीस हप्ते म्हणजे माझी चाळिशीची बचत. आणि यजमान गेले तेव्हा त्यांच्या एका जुन्या खात्यावर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव निघालं. लग्नाआधी भरलेला फॉर्म. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झालेली. चौदा महिने मी दाखले घेऊन खेटे घातले. रक्कम फार नव्हती, पण प्रत्येक खिडकीवर "त्या कुठे आहेत?" विचारायचे आणि प्रत्येक वेळी मला दोघांचाही मृत्यू सांगावा लागायचा.

उन्हाळी_हंगाम

खतावणीताईंच्या पोस्टनंतर लिहायला फार उरलं नाही. मी फोटोग्राफर आहे, म्हणजे उत्पन्नाच्या बाबतीत तुमच्या मिस्टरांचा भाऊच. तेवढ्यापुरतं लिहितो.

आणीबाणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं जे सांगतात ते पगारदारांचं माप आहे. ज्याचे दोन महिने शून्य जाऊ शकतात त्याच्या घरात सहा हे कमीत कमी, आणि तुमच्याकडे ७४ वर्षांच्या आजी आहेत. मी नऊ ठेवतो.

दुसरं, मला ज्याने वाचवलं ते. धंद्याचे सगळे पैसे एका खात्यात येतात. घरखात्यात दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम जाते, मी स्वतःला दिलेला पगार. मागच्या चोवीस महिन्यांचे आकडे एका कागदावर उतरवले, त्यातले सर्वात वाईट सहा महिने घेतले, त्यांची सरासरी काढली. तोच पगार. पहिल्यांदा आकडा बघून बायको हसली, मी रडायचा बाकी होतो. पण तेव्हापासून चांगल्या महिन्याचे पैसे चांगल्याच महिन्यात उडून जायचे थांबले. मशीनही त्यातूनच घ्यायचं. सासऱ्यांच्या पैशातून घेतलं तर मशीनला स्वतःची किंमत वसूल करायची घाई राहत नाही. स्वतःच्या कॅमेऱ्याच्या अनुभवावरून सांगतोय.

अर्धविराम_२९

विम्याचं मान्य, माझ्या डोक्यातच आलं नाही. (माझ्यावर कुणी अवलंबून नाही, एक मांजर सोडून.) पण खतावणीताई, पाच पगार नऊ टक्क्यांत अडकवणं म्हणजे अकरा वर्षांच्या शेअर्सच्या वाढीवर पाणी सोडणं नाही का? आणि तुम्ही आत्ता स्वतःचे पैसे कुठे ठेवलेत? उद्धटपणा वाटला तर उत्तर देऊ नका.

जुनी_खतावणी

उद्धटपणा कसला, विचारलंस ते बरं केलंस.

पाणी सोडणं असेलही. पण अकरा वर्षं पुरतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात शिखरावर होता, ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. दर महिन्याला थोडे थोडे घालत राहिलेल्यांचं आणि जगभर विभागून ठेवलेल्यांचं एवढं वाईट झालं नाही, हे खरं. म्हणून शेअर्स नकोत असं मी म्हणतच नाही. हिच्या मुलीला चार वर्षांनी फी लागणार आहे, ते पैसे तिथे नकोत. निवृत्तीला सतरा वर्षं आहेत, ते पैसे तिथे जरूर असावेत, आणि ते हिने पगारातून दरमहा घालावेत. म्हणजे २०२० सारखं काही झालं तर विकायला एकदम मोठा ढीग समोर नसेल. माणूस स्वतःला ओळखून असावा. जी एकदा घाबरून विकून बसली, तिला "या वेळी विकू नका" हा सल्ला म्हणजे न पोहता येणाऱ्याला "बुडू नका" सांगण्यासारखा आहे.

तुझ्यासाठी वेगळं. २९, एकटा, मांजर. तू शेअर्समध्ये जास्त ठेव, तुझ्यामागे तीस वर्षांचे पगार उभे आहेत. आणि पुढच्या पगारवाढीतला निम्मा भाग बचतीत जाईल हे वाढ हातात यायच्या आधीच ठरवून टाक. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कारखान्यातल्या कामगारांना हेच करायला लावलं. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या पुढे गेली. आज हातातून सोडायला जीव होत नाही, उद्याचे सोडायला होतो.

आणि कोरी वही, विशीत साठवलं नाही म्हणून कुढत असशील तर थांब. फ्रँको मोदिग्लियानी नावाच्या अर्थतज्ज्ञांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं, त्यांची एक मांडणी साधारण अशी: माणूस तरुणपणी कमावतो कमी आणि गरजा जास्त, म्हातारपणी साठवलेलं खातो, साठवण होते ती मधल्या वर्षांत. "मधल्यांचं काय" विचारत होतीस ना? साठवायचं वय तुझंच आहे. कर्जाचा हप्ता, मुलीची फी आणि सासूबाईंची औषधं एकाच दारातून आत येतात तेही हेच वय, ही त्यातली खोच.

माझे पैसे: निवृत्त झाले तेव्हा घाबरून सगळे मुदत ठेवीत टाकले. महिन्याचं व्याज घरखर्चाला पुरून उरायचं. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं हे मला पाठ होतं. ही युक्ती लुका पाचोली यांच्या १४९४ मधल्या गणिताच्या ग्रंथात आहे, इतकी जुनी. ६ टक्के महागाई म्हणजे १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी. पाठ होतं आणि तरी केलं. व्याज तेवढंच येत राहिलं. उरेनासं मात्र झालं. मग ६४ व्या वर्षी थोडे शेअर्सकडे वळवले, पण दोन वर्षांचा खर्च हाताशी बाजूला काढून. कारण म्हातारपणी सरासरी परतावा किती यापेक्षा तो कोणत्या क्रमाने येतो याला महत्त्व असतं. १०० आहेत, दरवर्षाअखेर १० काढतेस. तीन वर्षांत आधी २० टक्के वाढ, मग १० वाढ, मग २० घट असं झालं तर ७९ उरतात. तेच आकडे उलट्या क्रमाने आले तर ७०. काही काढलंच नाही तर दोन्हीकडे सारखेच, १०५.६. कागद घेऊन करून बघ, मला दोनदा करून बघावं लागलं होतं.

किती काढावेत यावर अमेरिकेतले विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये हिशोब मांडला: पहिल्या वर्षी साठलेल्या रकमेच्या ४ टक्के, पुढे महागाईनुसार वाढवत, तर पैसे तीस वर्षं टिकतात. पण तो त्यांच्या देशातल्या जुन्या आकड्यांवरचा आहे. मी साडेतीन काढते, आणि एखादं वर्ष वाईट गेलं की प्रवास रद्द करते.

कोरी_वही

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पंधरा दिवसांनी लिहितेय, कारण तुम्ही कामालाच लावलंत.

दोघांच्याही विम्याचे प्रस्ताव दिले. नवऱ्याची वैद्यकीय तपासणी झाली, त्यात साखर थोडी जास्त निघाली, म्हणजे त्याचा हप्ता वाढणार. पाच वर्षांपूर्वी केलं असतं तर, हा विचार आला आणि सोडून दिला. अपंगत्वाच्या विम्याच्या अर्जात "मशीनवर काम करता का" या रकान्यापाशी तो थांबला, माझ्याकडे बघितलं, मग "हो" लिहिलं.

चार पगार आणीबाणीसाठी वेगळ्या खात्यात. आधीचे थोडे होते ते धरून घराचा आठ महिन्यांचा खर्च निघतो. चार मुलीसाठी, तिची शाळा संपेल तेव्हा मुदत संपणाऱ्या ठेवीत. पाच कर्जात. उरलेल्या एकाचं अजून ठरलेलं नाही, त्यावर मशीनची नजर आहे. पण चोवीस महिन्यांचा कागद नवऱ्याने रविवारी बसून केला. सर्वात वाईट सहा महिन्यांची सरासरी बघून बराच वेळ गप्प होता. पुढच्या १ तारखेपासून करून बघू म्हणाला.

कर्ज भरायला गेले तिथली गोष्ट. फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता, मी फक्त सही करायची. "हप्ता कमी करावा" या चौकटीत बरोबरची खूण. खतावणीताई, तुमची आठवण आली. मी म्हटलं, मुदत कमी करायची आहे. खिडकीपलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे हप्ताच कमी करून घेतात." दुसरा फॉर्म मागितला, वीस मिनिटं थांबावं लागलं. नवा तक्ता घरी येऊन पूर्ण वाचला. हप्ते १०५.

आणि नॉमिनीचं. तुमची पोस्ट वाचून त्याच रात्री माझी फाइल काढली. नोकरीला लागले तेव्हाच्या निवृत्तिनिधीच्या फॉर्मवर माझं माहेरचं आडनाव आहे, आणि नॉमिनी म्हणून बाबांचं नाव. अक्षरही त्यांचंच, मला तेव्हा फॉर्म भरायचा कंटाळा यायचा. नवा फॉर्म उद्या देतेय. जुन्याची एक प्रत काढून ठेवलीय.